संत्रा बागायतदारांसाठी स्वतःचा फोरम: लिनक्स सर्व्हरवर पीएचपीबीबी बसवण्याची पूर्ण पद्धत

डिसेंबर लागला की आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटात तोच प्रश्न येतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, ताण किती दिवस द्यायचा, म्हणजे बागेचं पाणी किती दिवस तोडायचं, भारी काळ्या जमिनीत किती आणि हलक्या जमिनीत किती? उत्तर देणारी जुनी जाणती माणसं गटात आहेत. मागच्या वर्षी त्यांनी नीट, जमिनीच्या प्रकारासकट, चांगलं दहा-बारा ओळींचं लिहिलं होतं. पण ते आता शुभेच्छा, बाजारभाव आणि लग्नपत्रिकांच्या खाली गाडलं गेलं आहे. काटोलकडच्या एका काकांचा फोन आला तो असा: "काय बाप्पा, मागच्या सालचं ते ताणाचं उत्तर कुठी गेलं? सापडूनच नाही राह्यलं."

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. बुरशीनाशक म्हणून फवारायचं एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, खोडाला लावायचा बोर्डो मलम मात्र १:१:१० या प्रमाणात, म्हणजे पाणी फक्त १० लिटर. ही दोन प्रमाणं कुणी एका संदेशात उलटसुलट लिहिली आणि तो संदेश पुढे गेला, तर तो परत बोलावता येत नाही. फोरमवर, म्हणजे प्रश्नोत्तरं विषयवार जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, तीच चूक त्याच जागी दुरुस्त होते आणि नंतर येणारा प्रत्येक जण दुरुस्त केलेलंच वाचतो. एवढ्या दोन कारणांसाठी आम्ही स्वतःचा फोरम बसवला. तो कसा बसवला, कुठे अडलो आणि मराठीसाठी वेगळं काय करावं लागलं, ते इथे क्रमाने लिहितो. तुमचा विषय संत्र्याऐवजी कापूस असो की वाचनालय, पायऱ्या त्याच राहतील.

टर्मिनलमधल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या.

घरचा संगणक की भाड्याचा सर्व्हर

पहिला मोह घरातल्या जुन्या डेस्कटॉपचा होतो. नागपुरात मी तो टाळायला सांगेन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर बंद झाला की डब्बा तापतो, आणि कूलरची दमट हवा थेट यंत्रावर जाणं तर त्याहून वाईट. वळवाच्या वादळात लाइट जाते, इन्व्हर्टर दोन-तीन तास धरतो. शिवाय घरच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता बदलत राहतो आणि पुष्कळदा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून तुमच्या यंत्रापर्यंत पोचताच येत नाही. शिकण्यासाठी घरचं यंत्र उत्तम, पण शंभर माणसं ज्यावर विसंबतील ते तिथे ठेवू नये.

म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा आभासी सर्व्हर भाड्याने घ्या. १ जीबी रॅम, एक प्रोसेसर आणि २५ जीबी डिस्क एवढं पीएचपीबीबी या फोरम सॉफ्टवेअरला पुरतं. महिन्याचं भाडं चार-पाचशे रुपयांच्या घरात असतं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून उबुंटू २४.०४ एलटीएस निवडा. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या पाच वर्षं मिळतात, आणि पीएचपीबीबी ज्या भाषेत लिहिलं आहे ते पीएचपी ८.३ तिच्यासोबत येतं.

पीएचपीबीबीच का

मुक्त स्रोत फोरम सॉफ्टवेअर बरीच आहेत. डिस्कोर्स दिसायला देखणं आहे, सूचना छान पाठवतं. पण ते रुबी, पोस्टग्रेस आणि रेडिस अशा लवाजम्यावर चालतं, डॉकरमधूनच बसवायचं असतं आणि २ जीबी रॅमखाली कुरकुरतं. फ्लॅरम हलकं आणि आधुनिक आहे, पण त्यासाठी कंपोजर नावाचं साधन हाताळता यायला हवं. पीएचपीबीबी २००० सालापासून चालू आहे, जीपीएल परवान्याखाली आहे, आणि बहुतेक अडचणींची उत्तरं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली आहेत. २०१४ च्या ३.१ आवृत्तीपासून त्याची मूळ मांडणी मोबाइलच्या पडद्याला जुळवून घेते. नरखेडच्या बागेत दोन दांड्यांच्या नेटवर्कवर पान उघडलं पाहिजे ही माझी कसोटी होती, आणि पीएचपीबीबीची पानं हलकी असल्याने ती उघडतात.

दार आधी नीट लावा

सर्व्हर हाती आला की सॉफ्टवेअरकडे धावू नका. इंटरनेटवर आलेल्या नव्या सर्व्हरवर काही मिनिटांतच अनोळखी यंत्रं पासवर्ड आजमावू लागतात. आधी 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी अपग्रेड' चालवा. 'ॲडयूजर' ने स्वतःचं वेगळं खातं काढा, त्याला सुडो गटात, म्हणजे व्यवस्थापकाचे हक्क असलेल्या गटात, घाला. सर्व्हरवर दुरून सुरक्षित प्रवेश एसएसएचने होतो, त्यासाठी आपल्या संगणकावर 'एसएसएच-कीजेन' ने किल्लीची जोडी बनवा आणि 'एसएसएच-कॉपी-आयडी' ने सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठवा. किल्लीने प्रवेश मिळतो याची खात्री झाल्यावरच पासवर्डने येण्याची सोय आणि रूट या सर्वाधिकारी खात्याचा थेट प्रवेश बंद करा.

इथे एक खाच आहे. मुख्य एसएसएचडी-कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड बंद केला तरी तो चालूच राहिलेला दिसतो. कारण शेजारच्या '.डी' शेपटीच्या फोल्डरमध्ये सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटने ठेवलेली एक छोटी फाइल असते, तिच्यात पासवर्ड चालू असं लिहिलेलं असू शकतं आणि जे आधी वाचलं जातं तेच लागू होतं. ती फाइलही बदला. हे सगळं करताना एक टर्मिनल उघडंच ठेवा आणि दुसऱ्यातून तपासा. काही बिघडलं तर उघड्या खिडकीतून सुधारता येतं.

फायरवॉलसाठी यूएफडब्ल्यू पुरेसं आहे. क्रम महत्त्वाचा: आधी 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच', मग ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट उघडायचे, आणि शेवटी 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल'. क्रम उलटा झाला तर आपण स्वतःच बाहेर राहतो. वारंवार चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारं फेल२बॅन बसवा. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू आहे का ते पाहा, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसतील. १ जीबी रॅमवर २ जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे डिस्कवरची जादा स्मृती, करून ठेवा. एखाद्या रात्री डेटाबेस स्मृतीअभावी कोसळतो तो याने वाचतो. वेळ 'टाइमडेटसीटीएल' ने एशिया/कोलकाता करा; या दोन नावांचं पहिलं अक्षर मात्र मोठं टाकायचं.

नाव, वेब सर्व्हर, डेटाबेस

डोमेन नाव छोटं घ्या, फोनवर तोंडी सांगता येईल असं. त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, ए रेकॉर्ड सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवा. हे आधी करून ठेवलं की बाकीचं काम होईपर्यंत ते सगळीकडे पसरलेलं असतं.

मग एका झटक्यात बसवा: अपाचे२ (वेब सर्व्हर), मारियाडीबी-सर्व्हर (डेटाबेस), लिबअपाचे२-मॉड-पीएचपी, पीएचपी-मायएसक्यूएल, पीएचपी-एमबीस्ट्रिंग, पीएचपी-एक्सएमएल, पीएचपी-जीडी, पीएचपी-इंटल, पीएचपी-झिप, आणि अनझिप. एमबीस्ट्रिंग विसरू नका. एकाहून जास्त बाइटांची अक्षरं मोजायचं काम तेच करतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं.

मी एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरऐवजी अपाचे निवडलं त्याला कारण आहे. पीएचपीबीबीसोबत एचटीॲक्सेस फाइली येतात. अपलोड, साठा आणि कॅश यांची फोल्डरं बाहेरच्यांना थेट उघडता येऊ नयेत हे त्या सांभाळतात. एनजिनएक्स त्या वाचत नाही, तिथे तेच नियम हाताने लिहावे लागतात. पण अपाचेवरही गाफील राहता येत नाही. उबुंटूच्या मूळ रचनेत 'अलाउओव्हरराइड नन' असतं, म्हणजे त्या फाइली असूनही नसल्यासारख्या. आपल्या साइटच्या फाइलमध्ये त्या फोल्डरसाठी 'अलाउओव्हरराइड ऑल' करा. फोरम चालू झाल्यावर ब्राउझरमध्ये पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि 'फाइल्स' लिहून पाहा. प्रवेश नाकारल्याचा ४०३ संदेश दिसला पाहिजे. त्याऐवजी यादी किंवा कोरं पान दिसलं तर थांबा आणि आधी ते बंद करा.

डेटाबेससाठी 'मारियाडीबी-सिक्युअर-इन्स्टॉलेशन' चालवा, त्याच्या प्रश्नांना मोकळेपणाने होय म्हणा. मग फोरमसाठी वेगळा डेटाबेस आणि वेगळा वापरकर्ता तयार करा, वापरकर्त्याला फक्त त्याच डेटाबेसचे हक्क द्या. डेटाबेसचा अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुना 'यूटीएफ८' तीनच बाइटांपर्यंत जातो. देवनागरी त्यात बसते, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक वाटतं. पण इमोजीला ४ बाइट लागतात. चार बाइटांची मुभा सुरुवातीपासूनच असलेली बरी.

साइट सुरक्षित जोडणीने उघडावी म्हणून लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं मोफत मिळतं. सर्टबॉट आणि त्याचा अपाचेचा जोड बसवून 'सुडो सर्टबॉट --अपाचे' चालवलं की दोन प्रश्नांत काम होतं. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं. 'सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' ने एकदा तपासून घ्या.

पीएचपीबीबी उतरवणं

पीएचपीबीबीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ३.३ मालिकेतलं सर्वांत नवं पूर्ण पॅकेज उतरवा आणि साइटच्या फोल्डरमध्ये सोडा. मालकी, ज्याच्या नावाने अपाचे चालतं त्या, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याकडे द्या. कॅश, फाइल्स, स्टोअर आणि इमेजेसखालचं अवतार-अपलोड (सदस्यांच्या छोट्या चित्रांचं) एवढ्या फोल्डरांत सॉफ्टवेअरला लिहिता आलं पाहिजे. 'काहीच चालेना' म्हणून सगळ्याला ७७७, म्हणजे कुणालाही वाचा-लिहायची, परवानगी देऊ नका. गावाच्या विहिरीला झाकण नको म्हणण्यासारखं ते आहे.

आता ब्राउझरमध्ये डोमेन उघडा, इन्स्टॉलर समोर येतो. व्यवस्थापकाचं नाव 'ॲडमिन' असं सरधोपट ठेवू नका. डेटाबेसचा प्रकार मायएसक्यूएलआय, सर्व्हर लोकलहोस्ट (म्हणजे हाच सर्व्हर), बाकी नावं आपण आत्ताच बनवलेली. काम संपलं की सर्व्हरवरचं इन्स्टॉल फोल्डर काढून टाका. ते असेपर्यंत फोरम इतरांना उघडत नाही. कॉन्फिग.पीएचपी या फाइलवर लिहिण्याची परवानगी काढून घ्या, तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड उघडा असतो.

इथपर्यंतचं काम एका रविवारचं. खरा वेळ पुढच्या भागाला द्या.

मराठी नीट चालावी म्हणून

पहिली गोष्ट सदस्यांच्या नावांची. फोरमच्या नियंत्रण कक्षात, म्हणजे व्यवस्थापकाच्या सेटिंगांच्या पानांवर, नावात कोणती अक्षरं चालतील याचे काही पर्याय असतात. 'कोणतेही चिन्ह' हाच ठेवा. 'फक्त अक्षरे आणि आकडे' वगैरे कडक पर्याय मोठी-लहान लिपी असलेल्या भाषा डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे मराठी नाव सरळ नाकारलं जातं, आणि नोंदणी करणाऱ्या माणसाला वाटतं की आपलंच काही चुकलं.

दुसरी गोष्ट शोधाची, आणि फोरम बसवण्याचा सगळा हेतूच तिच्यावर उभा आहे. पीएचपीबीबीच्या स्वतःच्या शोधयंत्रात 'सर्वसाधारण शब्दांची मर्यादा' नावाची एक सेटिंग असते. ती मुळात ५ टक्के असते. फोरमवर शंभराहून जास्त नोंदी झाल्या की जो शब्द पाच टक्क्यांहून जास्त नोंदींत सापडतो तो फार साधा समजून शोधातून वगळला जातो. आता संत्र्याच्या फोरमवर 'संत्रा' हा शब्द किती नोंदींत असेल? 'बहार', 'फवारणी', 'झाड' सुद्धा. सुरुवातीच्या काही आठवड्यांत शोध झकास चालतो आणि मग एक दिवस नेमके महत्त्वाचे शब्द सापडेनासे होतात. ही मर्यादा शून्य करा आणि शोधाची अनुक्रमणिका नव्याने बांधा.

त्याच पानावर शब्दाची किमान लांबी असते, मुळात ३ अक्षरं. आमच्याकडे लोक '०:५२:३४' हे खत शोधतात. विसर्गासारख्या दोन टिंबांनी ते तीन तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकडा तीनपेक्षा लहान, म्हणून काहीच सापडत नाही. लांबी २ केली तरी अनुक्रमणिका फुगते आणि शून्य तर हरवतंच. त्यात काही जण आकडे देवनागरीत लिहितात, काही इंग्रजीत, आणि शोधयंत्राला ते वेगळेच वाटतात. मी वेगळा मार्ग धरला: खतांच्या धाग्याच्या, म्हणजे एका विषयावरच्या चर्चेच्या, शीर्षकात श्रेणीसोबत तिचं अक्षरी नावही लिहायचं, 'मोनो पोटॅशियम फॉस्फेट'. हा नियम पहिल्याच धाग्यात चिकटवून ठेवला आहे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'शेतकऱ्याला' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन ऱ्या तयार होतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून र्‍या तयार होतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. 'ॲसिड' मधल्या ॲ चंही तसंच. एकसंध ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन अॅ लिहायची रीत होती, आणि आजही दोन्ही कीबोर्ड वापरात आहेत. म्हणून विभागांची आणि चिकटवलेल्या धाग्यांची नावं ठेवताना असे शब्द टाळता आले तर टाळा. 'शेतकऱ्यांचे प्रश्न' याऐवजी 'बागेतले प्रश्न' ठेवलं की कुठल्याही फोनवरून शोधलं तरी हाती लागतं.

फोरम उघडण्याआधी एक चाचणी हमखास करा. डिंक्या, कोळशी, फळगळ, ठिबक, मोरचूद, ताण असे दहा-बारा शब्द घालून चार-पाच नोंदी टाका. मग दोन वेगळ्या फोनवरून, दोन वेगळ्या कीबोर्डांनी ते शोधा. जोडाक्षरं आणि काना-मात्रा असलेले शब्द पूर्ण सापडतात की तुकड्यांत, ते पाहा. समाधान झालं नाही तर नियंत्रण कक्षातच डेटाबेसचा स्वतःचा पूर्ण-मजकूर शोध निवडता येतो. त्याचीही अनुक्रमणिका बांधून तीच चाचणी पुन्हा करा आणि जो बरा ठरेल तो ठेवा. हे आत्ता, पाच नोंदींवर, दहा मिनिटांचं काम आहे.

बटणं आणि सूचनांचे शब्द लँग्वेज फोल्डरातल्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. सगळं भाषांतर करायच्या फंदात पडू नका. नोंदणी, लॉगिन, उत्तर द्या, नवा धागा, शोधा आणि चूक झाल्यावर येणारे संदेश, एवढे मराठीत आणले तरी साठीतल्या माणसाची भीड चेपते. इंग्रजी फोल्डराची प्रत काढून त्यात बदल करा. मूळ फाइल बदलली तर पुढच्या अद्ययावतात पुसली जाते.

फोटो

आमच्या फोरमवर निम्म्या प्रश्नांचा जीव फोटोत असतो. खोडातून गळणारा डिंक, पानाखालची कीड, पिवळ्या पडलेल्या शिरा, हे शब्दांत कितीही सांगितलं तरी अपुरं. आणि फोनच्या कॅमेऱ्यातला फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. पीएचपीमध्ये एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी असते आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी. तेव्हा पीएचपी.आयएनआय फाइलमध्ये 'अपलोड मॅक्स फाइलसाइज' ८ एमबी आणि 'पोस्ट मॅक्स साइज' ३२ एमबी करा, अपाचे पुन्हा सुरू करा, आणि मग नियंत्रण कक्षात जोडणींची मर्यादाही तेवढीच वाढवा. दोन्हीकडे वाढवल्याशिवाय उपयोग नाही. एनजिनएक्स वापरत असाल तर तिथे तिसरी मर्यादा आहे, तीही मुळात फक्त १ एमबीची.

फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. बागेचा नेमका ठावठिकाणा जगापुढे मांडायची सगळ्यांची इच्छा नसते, म्हणून कॅमेऱ्यातली जागेची नोंद कशी बंद करायची ते पहिल्या सूचनेतच लिहून ठेवा.

ई-मेल आणि खोटे सदस्य

ई-मेल चालत नसेल तर विसरलेला पासवर्ड परत मिळत नाही. बहुतेक ठिकाणी भाड्याच्या सर्व्हरचा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद असतो, त्यामुळे सर्व्हरवरूनच पत्रं पाठवायचा हट्ट सोडा. एखाद्या ई-मेल सेवेचं एसएमटीपी, म्हणजे पत्रं पाठवायचं, खातं घ्या आणि नियंत्रण कक्षात ५८७ पोर्टने जोडा. डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या, पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे पटवणाऱ्या, दोन्ही नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यापैकी निदान एक मागतंच, नाहीतर पत्र कचऱ्यात जातं किंवा परत येतं.

पीएचपीबीबी जुनं आणि सर्वत्र असल्याने खोटी खाती काढणारी यंत्रं त्याच्या मागावर असतात. वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांचं कोडं ठेवलं तर यंत्रं ते सोडवतात आणि आपली माणसं अडकतात. त्याऐवजी प्रश्नोत्तराचा पर्याय निवडा आणि मराठीत प्रश्न घाला. 'जून-जुलैत फुटणाऱ्या बहाराचं नाव काय?' बागायतदाराला क्षणही लागत नाही. उत्तरात 'मृग' आणि 'मृग बहार' दोन्ही चालतील असं नोंदवा, कारण लोक दोन्ही लिहितात. शिवाय नव्या सदस्याच्या पहिल्या तीन नोंदी आधी नियामकाकडे जातील अशी सोय चालू ठेवा.

नियमांचं एक पान हवंच, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचा संपर्कही. फवारणीच्या सल्ल्याबाबत आमचा नियम कडक आहे: औषधाचं नाव, मात्रा आणि पाण्याचं प्रमाण तिन्ही लिहिल्याशिवाय नोंद दिसत नाही, आणि औषधाच्या लेबलवर जे पीक नाही त्याची शिफारस करायची नाही.

बॅकअप

इथे मला सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली. सुरुवातीला मी रोज रात्री फक्त डेटाबेसची प्रत घेत होतो. एका पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. भाड्याने देणाऱ्या कंपनीने ती परत मिळणार नाही असं कळवलं. नोंदी सगळ्या परत आल्या, फोटो एकही आला नाही. दोन हंगामांचे डिंक्याचे, सायला किडीचे, फळगळीचे फोटो, झाड बरं होतानाची ओळीने काढलेली छायाचित्रं, सगळं गेलं. ज्यांनी ते काढले होते त्यांतल्या बऱ्याच जणांचे फोनही बदलले होते.

पीएचपीबीबी फोटो फाइल्स फोल्डरमध्ये ठेवतं, पण मूळ नावाने नाही. तिथे निरर्थक वाटणारी लांबलचक नावं असतात आणि कुठली फाइल कुठल्या नोंदीची, हे डेटाबेसलाच ठाऊक असतं. म्हणून दोन्ही प्रती एकाच वेळच्या हव्यात. एकीशिवाय दुसरी निम्मी निकामी.

रात्री अडीचला, ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनने, एक छोटी स्क्रिप्ट चालवा. तिच्यात आधी 'मारियाडीबी-डंप' ने डेटाबेसची प्रत घ्या, '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' लावून, म्हणजे फोरम चालू असतानाही प्रत एकसंध येते. सोबत मूळ अक्षरसंच यूटीएफ८एमबी४ असल्याचं स्पष्ट लिहा, नाहीतर परत आणताना मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसू शकतात. लगेच त्यामागे फाइल्स, अवतारांचं फोल्डर, तुम्ही बनवलेली भाषेची प्रत आणि कॉन्फिग.पीएचपी यांची गाठोडी बांधा. मग आरसिंक या फाइली पाठवण्याच्या साधनाने ते दुसऱ्या ठिकाणी पाठवा. दुसरं ठिकाण म्हणजे दुसऱ्या कंपनीचा साठा किंवा घरातली डिस्क. त्याच सर्व्हरवरची प्रत ही प्रत नव्हे. शेवटच्या सात रात्री, चार रविवार आणि सहा महिन्यांच्या पहिल्या तारखा एवढं जपा, बाकीचं पुसा.

आणि परत आणून पाहा. घरच्या त्या जुन्या डेस्कटॉपला इथे काम मिळतं: त्यावर उबुंटू टाका, गाठोडं सोडा, डेटाबेस भरा, फोरम उघडा. मराठी शीर्षकं नीट वाचता येतात का, एका जुन्या धाग्यातले फोटो दिसतात का, शोध चालतो का, हे तीन तपासा. माझ्याकडे हे वर्षातून दोनदा होतं, मृगाच्या आधी जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि आंबियाच्या ताणाआधी नोव्हेंबरात. हंगामात लोकांना फोरम लागतो, तेव्हा सरावाला वेळ नसतो.

अद्ययावत करण्यापूर्वीही हीच प्रत हाताने एकदा घ्यायची. जोडसॉफ्टवेअर कमीत कमी ठेवा. प्रत्येक जोड म्हणजे पुढच्या अद्ययावताला आणखी एक अडथळा. माझ्याकडे आजही एकही नाही.

उघडण्याचा दिवस

रिकामा फोरम कुणी वापरत नाही. उघडण्याआधी आम्ही गटातली जुनी चांगली उत्तरं, लिहिणाऱ्यांना विचारून, त्यांच्याच नावाने धाग्यांत मांडली. विभाग पाचच ठेवले: आंबिया बहार, मृग बहार, रोग आणि कीड, पाणी आणि ठिबक, विक्री. विभाग वाढवायचा मोह होईल. एखाद्या विषयाचे वीस धागे झाल्याशिवाय वाढवू नका.

व्हॉट्सॲप गट बंद करू नका. तिथे प्रश्न आला की उत्तर फोरमवर लिहायचं आणि गटात फक्त त्या धाग्याची लिंक टाकायची. दोन-तीन महिने नेटाने हे करावं लागतं, मग लोक आपोआप आधी शोधू लागतात.

आणि ज्या काकांचा फोन आला होता, त्यांच्याकडे मी सीताफळाच्या झाडाखाली खाटेवर बसून त्यांच्याच फोनवरून नोंदणी होताना पाहिली. मी बोट लावलं नाही. जन्मतारखेचा रकाना, पासवर्डात आकडा हवाच ही अट, आणि पुष्टीचं पत्र शोधायला जीमेल उघडणं, या तीन ठिकाणी ते थांबले. संध्याकाळी नागपूरला परतल्यावर पहिले दोन मी काढून टाकले आणि पत्राऐवजी नियामकाने खातं मंजूर करायची सोय लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरीच्या यादीत अकरा नावं होती, अकराही देवनागरीत.